प्रवाह, स्फटिक आणि मातीत मिसळणारे प्लॅस्टिक

(ज्ञातिसभेच्या वार्षिक संमेलनात केळशी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा मान मंडळाने मला दिला, याबद्दल मी मंडळाचा मनःपूर्वक ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, इतिहास आणि समाजकारण या विषयांवर विद्वानांची भाषणे झाली आहेत. मी पडलो मॅट्रिक झालेला शाळामास्तर. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता, एका शास्त्रीय विषयाची जी थोडीफार माहिती वाचून व जाणत्यांना विचारून मला झाली, ती मुलांना समजावून सांगावी तशी आपणांपुढे ठेवणार आहे.

हा विषय निवडण्यास एक निमित्त घडले आहे. संमेलनाच्या भोजनासाठी आणि चैत्रात श्रीमहालक्ष्मीच्या उत्सवास येणाऱ्या आपल्या कुटुंबांसाठी ‘जैवविघटनशील’, म्हणजे मातीत कुजून जाणाऱ्या प्लॅस्टिकचे पेले, ताटल्या व पिशव्या एकत्र खरेदी कराव्यात, अशी सूचना मंडळाच्या विचाराधीन आहे. सूचना करणाऱ्या तरुण मंडळींचा हेतू अत्यंत स्तुत्य आहे. परंतु गेल्या वर्षी एका व्यापाऱ्याकडून असेच काही पेले नमुन्यादाखल आणले होते, तेव्हा काय झाले हे आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल. कोकम सरबत त्यांत उत्तम राहिले. उकळता चहा ओतताच मात्र पेले मऊ पडून कलंडले आणि एका वृद्ध भगिनीच्या हातावर चहा सांडला. कोणी म्हणाले, माल खोटा आहे. कोणी म्हणाले, हे प्लॅस्टिकच कुचकामी आहे. माझ्या मते या दोन्ही निष्कर्षांची घाई झाली. पेला ज्या पदार्थाचा होता तो पदार्थ खराच असू शकेल. तो साच्यात कसा वाहिला आणि कसा थिजला, यात उणीव राहिली असेल. आजच्या व्याख्यानाचा विषय नेमका हाच आहे.

प्रथम या पदार्थाची ओळख करून घेऊ. नेहमीचे प्लॅस्टिक खनिज तेलापासून किंवा नैसर्गिक वायूपासून करतात. जैवविघटनशील प्लॅस्टिकांपैकी सर्वांत प्रचलित असे जे आहे, त्याला पॉलिलॅक्टिक आम्ल म्हणतात. त्याचे मूळ आपल्या दह्याच्या विरजणात आहे म्हटले तरी चालेल. दही आंबट लागते ते लॅक्टिक आम्लामुळे. कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८० साली ते आंबलेल्या दुधातून वेगळे काढले. आज मक्याचा स्टार्च किंवा उसाची साखर जंतूंकरवी आंबवून ते मोठ्या प्रमाणावर तयार करतात आणि त्याच्या रेणूंची एकापुढे एक सांखळी गुंफून प्लॅस्टिक बनवितात. एका सांखळीत हजार-दोन हजार दुवे असतात. अशा सांखळीरूप पदार्थांना बहुवारिक म्हणतात. दुसरे एक जैविक प्लॅस्टिक तर जंतू स्वतःच आपल्या शरीरात, आपण चरबी साठवितो त्याप्रमाणे, साठवून ठेवतात. मॉरिस लेमॉयन्य यांनी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत १९२६ साली त्याचा शोध लावला. त्याला संक्षेपाने पी. एच. बी. असे म्हणतात.

आता स्फटिक म्हणजे काय ते पाहू. खडीसाखर, मीठ, तुरटी हे आपल्या नित्य परिचयाचे स्फटिक होत. त्यांतील कण कवायतीतल्या मुलांप्रमाणे रांगेत उभे असतात. उलट काचेत तसा क्रम नसतो. शाळा सुटल्यावर पटांगणात जशी मुले, तशी तिथे कणांची स्थिती. प्लॅस्टिकच्या सांखळ्या लांब आणि एकमेकींत गुंतलेल्या असल्यामुळे त्यांना संपूर्णपणे रांगेत उभे राहणे कधीच साधत नाही. काही भाग घड्या घालून रचल्यासारखा व्यवस्थित होतो, काही भाग गुंताडाच राहतो. व्यवस्थित भाग तो स्फटिकमय आणि गुंताड तो काचमय. कोणत्या भागाचे प्रमाण किती, स्फटिक बारीक आहेत की मोठे, आणि त्यांचे तोंड कोणत्या दिशेला आहे, या तीन गोष्टींवर वस्तूचा कणखरपणा, उष्णता सोसण्याची शक्ती, पारदर्शकपणा आणि कुजण्याचा वेग ही सर्व अवलंबून असतात.

पेल्याची गोष्ट येथे उलगडते. पॉलिलॅक्टिक आम्लाचा काचमय भाग सुमारे ५५ ते ६० अंश सेल्सिअसला मऊ पडतो. स्फटिकमय भाग मात्र १५० अंशांच्या पुढे, शुद्ध जातीत १७५ अंशांच्या आसपास वितळतो. म्हणजे पेल्यात स्फटिक पुरेसे असतील, तर त्यांच्या आधाराने तो चहाची उष्णता सोसतो. नसतील, तर साठ अंशांना पोहोचताच मान टाकतो. अडचण अशी की हा पदार्थ स्फटिक बनण्यात फार आळशी आहे. त्याला सर्वांत अनुकूल अशा, म्हणजे सुमारे ११० अंश तापमानात स्वस्थ ठेवला, तरी स्फटिक तयार व्हावयास कित्येक मिनिटे लागतात. कारखान्यात साच्यातून वस्तू काढावयाची असते ती अर्ध्या-एक मिनिटात. तेवढ्या अवधीत रस थंड होऊन काचेसारखा गोठतो आणि स्फटिक व्हावयाचे राहून जातात. असा पेला दिसावयास स्वच्छ, पारदर्शक व देखणा असतो, पण चहाच्या उपयोगाचा नसतो.

मग या आळशी विद्यार्थ्याला जागे कसे करावे? एक उपाय म्हणजे त्यात बीजे पेरणे. शंखजिऱ्याची अत्यंत बारीक पूड मिसळली, की तिच्या कणांभोवती स्फटिक लवकर जमतात. दुसरा उपाय साचाच गरम ठेवण्याचा. तो खर्चाचा व वेळेचा आहे. तिसरा आणि अधिक कुतूहलाचा उपाय म्हणजे प्रवाह. वितळलेला रस कसा वाहविला, किती वेगाने ताणला, यावर स्फटिकांची उत्पत्ती फार मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

आमच्या भगिनींना यातील अर्धे शास्त्र स्वयंपाकघरातून ठाऊक आहे. तूप कढवून हळूहळू, न हलविता निवू दिले, तर ते रवाळ होते. साखरेचा घट्ट पाक निवताना घोटला, तर रवा बारीक पडतो. स्वस्थ ठेवला, तर खडे मोठे होतात. ढवळण्याने स्फटिकांची संख्या वाढते, हा अनुभव जुना आहे. परंतु साखरेचा रेणू लहान असतो. तो ढवळण्याने ताणला जात नाही. प्लॅस्टिकच्या लांब सांखळीची गोष्ट निराळी आहे, आणि ती समजण्यासाठी स्वयंपाकघरातून उठून खाडीवर जावे लागेल.

भारजा नदीच्या मुखाशी होडी बांधून ठेवलेली असते आणि दोरखंडाचे सुटे टोक पाण्यात असते. पाणी स्थिर असताना ते टोक वेटोळे घालून पडते. ओहोटीचा जोर लागला, की तेच टोक सरळ होऊन प्रवाहाच्या दिशेने ताठ राहते. जोर ओसरला, की पुन्हा वेटोळे. वितळलेल्या रसातील सांखळी याचप्रमाणे वागते. स्वस्थ असताना ती गोळा होऊन राहते. प्रवाहात सापडली, की उलगडते आणि लांबते. मात्र येथे दोन घड्याळे एकदम चालतात. प्रवाह सांखळीला ताणत असतो आणि सांखळी आपल्या स्वभावानुसार पुन्हा गोळा होऊ पाहते. गोळा होण्यास लागणाऱ्या काळापेक्षा ताणण्याची क्रिया वेगाने झाली, तरच ती ताणलेली राहते. वेग मंद असेल, तर प्रवाह असून नसल्यासारखाच.

यात आणखी एक नवल आहे. सांखळीची लांबी दुप्पट झाली, तर तिला पुन्हा गोळा होण्यास लागणारा काळ दुपटीने नव्हे, तर सुमारे दहापटीने वाढतो, कारण ती इतर सांखळ्यांत फार गुंतलेली असते. म्हणून एकाच प्रवाहात आखूड सांखळ्या बेफिकीर राहतात आणि लांब सांखळ्या ताणल्या जातात. अशा थोड्या लांब सांखळ्या शेजारी शेजारी ताणून उभ्या राहिल्या, की त्यांचा सुतासारखा कणा तयार होतो आणि बाकीच्या सांखळ्या त्या कण्यावर घड्या घालून बसू लागतात. खडीसाखर करताना पाकात दोरा सोडतात आणि त्या दोऱ्यावर खडे धरतात, हे आपण पाहिले असेल. येथेही तेच घडते. भेद इतकाच, की येथे दोरा बाहेरून सोडावा लागत नाही, प्रवाहच तो पाकातून वळून देतो.

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने झाले. सांखळ्या घड्या घालून स्फटिक बनवितात, ही गोष्ट इंग्लंडमधील ब्रिस्टॉल विद्यापीठातील अँड्र्यू केलर यांनी १९५७ साली मांडली. त्यानंतर १९६०-७० च्या दशकात पेनिंग्ज या डच शास्त्रज्ञाने पॉलिएथिलीनचे द्रावण ढवळून त्यातून असे कणायुक्त स्फटिक मिळविले. आपल्या महाराष्ट्राचाही या विद्येशी निकटचा संबंध आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० च्या जानेवारीत सुरू झाली. गोव्यातील माशेल येथे जन्मलेले आणि मुंबईत अत्यंत गरिबीत शिकलेले डॉ. रघुनाथ माशेलकर १९७६ साली तेथे आले, आणि बहुवारिकांच्या प्रवाहाच्या अभ्यासाची परंपरा त्यांच्या काळात तेथे दृढ झाली. पुढे तेथेच काम केलेले डॉ. गुरुस्वामी कुमारस्वामी यांनी तत्पूर्वी अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत एक सुंदर प्रयोग केला होता; तो १९९९ साली प्रसिद्ध झाला. पॉलिप्रॉपिलीनचा वितळलेला रस क्षणभरच जोराने वाहवावयाचा, मग थांबवावयाचा आणि काय होते ते प्रकाशकिरणांनी पाहावयाचे. प्रवाह थांबला तरी त्याचा परिणाम उरतो आणि त्यानंतरचे स्फटिकीभवन कितीतरी पटींनी त्वरेने होते, असे त्यांत दिसून आले. ते प्लॅस्टिक कुजणारे नव्हते. परंतु नियम सांखळीचा आहे, आणि पॉलिलॅक्टिक आम्लासही तो लागू पडतो.

पदार्थ आपला गतेतिहास जपून ठेवतो, हे केळशीकरांना नव्याने सांगावयास नको. आपल्या वाळूच्या टेकडीचे थर तपासून डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी पूर्वी समुद्र कसा आत आला असावा याचा माग काढला. प्लॅस्टिकची ताटली कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तिच्याही थरांत तसाच वृत्तांत सापडतो. साच्याच्या भिंतीलगत रस वेगाने घासत गेलेला असतो आणि तत्काळ थंड झालेला असतो. म्हणून तेथे सांखळ्या प्रवाहाच्या दिशेने ओढलेल्या दिसतात. मधल्या भागात रस संथ असतो, सावकाश निवतो. तेथे स्फटिक फुलाच्या पाकळ्यांसारखे चोहोबाजूंनी वाढलेले दिसतात. एकाच ताटलीची साल एका जातीची आणि गाभा दुसऱ्या जातीचा. दोघांचे आकुंचन सारखे झाले नाही, तर ताटली वाकडी होते.

पिशवीचा पापुद्रा करताना रस फुग्यासारखा फुगवून दोन दिशांनी ताणतात. तंतू करताना तो बारीक छिद्रांतून काढून एका दिशेने ओढतात. पॉलिलॅक्टिक आम्ल ७० ते १०० अंशांच्या दरम्यान वेगाने ताणले, तर जे स्फटिक स्वस्थपणी मिनिटांनी व्हावयाचे, ते सेकंदांत होतात. शस्त्रक्रियेनंतर आपोआप विरघळणारे टाके घालतात, तेही याच कुळातील होत. त्यांचा पहिला कृत्रिम धागा, पॉलिग्लायकॉलिक आम्लाचा, १९७० नंतर प्रचारात आला. ओढून त्यातील सांखळ्या सरळ केलेल्या असतात, म्हणून तो केसासारखा बारीक असूनही जखम सांधेपर्यंत टिकतो आणि मग शरीरातच विरून जातो.

मनुष्याच्या आधी ही विद्या रेशमाच्या किड्याने साध्य केली आहे. त्याच्या शरीरात रेशीम हे पाण्यातील दाट प्रथिनाच्या रूपाने असते. किडा मान इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरवून ते ओढतो. त्या ओढण्याने रेणू रांगेत येतात, स्फटिक बनतात आणि पाण्यात असलेला पदार्थ पाण्यात न विरघळणारा तंतू होतो. त्याला भट्टी लागत नाही की साचा लागत नाही. येवल्याच्या पैठणीचा आणि भंडारा-गडचिरोलीच्या टसरचा कणखरपणा असा प्रवाहातून आलेला आहे, आणि तरीही ते रेशीम कालांतराने मातीत जाते.

येथवर ऐकून कोणी म्हणेल, मग भरपूर ताणावे, भरपूर स्फटिक करावेत, की झाले! तसे नाही. रस फार वेगाने व फार तापवून दाबला, तर सांखळ्याच तुटतात. त्यात ओलावा राहिला, तर पाणीही त्यांना कापते; म्हणून कारखान्यात दाणे आधी इतके वाळवितात की वजनाच्या दहा हजारांत दोन-अडीच भागांहून अधिक पाणी उरू नये. कोकणच्या पावसाळ्यात हे काम किती जिकिरीचे असेल, याची कल्पना आपण करू शकता. एकाच दिशेने ताणलेली वस्तू त्या दिशेने बळकट, पण आडवी सहज फाटते. पी. एच. बी. या प्लॅस्टिकात तर बीजे थोडी असल्यामुळे स्फटिक फार मोठे होतात, त्यांना चिरा पडतात, आणि वस्तू तयार झाल्यावरही स्फटिकीभवन हळूहळू चालू राहून ती दिवसेंदिवस ठिसूळ होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही, की पाणी आणि जंतू गुंताडात सहज शिरतात, दाटीने रचलेल्या स्फटिकांत शिरत नाहीत. म्हणून स्फटिक अधिक असले, की वस्तू उष्णतेस टिकते, परंतु कुजण्यास उशीर लागतो. चहा सोसणारा पेला आणि चटकन मातीत मिसळणारा पेला, हे दोन गुण परस्परांशी ओढाताण करतात. उत्तम कारागीर त्यांचा मेळ घालतो. पण त्यालाही दोन्ही गुण पूर्णांशाने देता येत नाहीत.

आता मंडळापुढील सूचनेकडे वळतो. ‘जैवविघटनशील’ हा शब्द वाचून आपण असे समजतो, की ही वस्तू कोठेही टाकली तरी नाहीशी होईल. हा समज आपल्या गावाला घातक ठरेल. आपल्या देशात अशा प्लॅस्टिकसाठी आय. एस. १७०८८ हे मानक आहे. त्यातील कसोटीत वस्तू सुमारे ५८ अंशांवर राखलेल्या कंपोस्टमध्ये ठेवतात आणि तिच्यातील कर्बाचा ९० टक्के भाग १८० दिवसांच्या आत वायुरूप झाला पाहिजे, अशी अपेक्षा असते. ५८ हा आकडा लक्षात घ्या. गुंताड मऊ पडण्याचे तापमानही तेच आहे. तेवढ्या उष्णतेत सांखळ्या सैल होतात आणि पाण्याला वाट मिळते. केळशीचा समुद्र इतका तापत नाही, आपल्या परसातील खताचा खड्डाही सहसा इतका तापत नाही. तेव्हा पुळणीवर टाकलेला असा पेला वर्षानुवर्षे पेलाच राहील, आणि लाटांनी त्याचे तुकडे होऊन मासळीच्या पोटात जातील, जसे आज नायलॉनच्या जाळ्यांचे आणि दुधाच्या पिशव्यांचे होते.

महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्या व थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली, आणि १ जुलै २०२२ पासून केंद्र शासनाने एकदाच वापरून टाकण्याच्या अनेक वस्तू बंद केल्या. कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकला नियमांत सवलत आहे. परंतु त्यावर तसा छाप आणि उत्पादकास केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. म्हणून माझी मंडळास नम्र विनंती तीन कलमी आहे. पहिली, भोजनास पत्रावळी व द्रोण आणि चहास स्टीलचे पेले यांचाच उपयोग करावा; घासण्याचे काम आपण स्वयंसेवक वाटून घेऊ. दुसरी, पिशव्या किंवा इतर वस्तू घ्यावयाच्याच असतील, तर प्रमाणपत्र पाहून घ्याव्यात. पेले घेताना किती अंशांपर्यंतचे आहेत हे व्यापाऱ्यास विचारावे, आणि उकळते पाणी ओतून एक नमुना पाहावा. तिसरी, वापरलेल्या सर्व वस्तू एकत्र गोळा करून, जेथे उष्ण कंपोस्टची सोय आहे तेथे पाठवाव्यात. तशी सोय लावता येत नसेल, तर त्या घेऊच नयेत.

शेवटी, आपल्या मुलामुलींविषयी दोन शब्द. पुण्याजवळ जेजुरी येथे प्राज इंडस्ट्रीज या कंपनीने जैव-बहुवारिकांचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला असून त्याचे उद्घाटन २०२४ च्या ऑक्टोबरात झाले. ज्या महाराष्ट्रात ऊस पिकतो, त्याच महाराष्ट्रात साखरेपासून प्लॅस्टिक करण्याची विद्या रुजत आहे. दाणे तयार झाले तरी त्यांना वाहविणारे, ताणणारे, योग्य क्षणी थिजविणारे जाणते हात लागतील. माटुंग्याची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी १९३३ पासून रसायन-तंत्रज्ञ घडवीत आहे. छत्रपती संभाजीनगर येथे केंद्र शासनाच्या सिपेट या संस्थेत प्लॅस्टिकच्या यंत्रांचे शिक्षण मिळते. आपल्या शिष्यवृत्ती निधीतून दरवर्षी किमान एका विद्यार्थ्यास किंवा विद्यार्थिनीस या विद्येकडे पाठवावे, अशी सूचना मी आज औपचारिकरीत्या मांडीत आहे. चहाला टिकेल आणि आपल्या समुद्रातही निर्धोकपणे विरेल, असा पेला आपल्याला हवा आहे. तो करण्याचे श्रेय आपल्या घरातील एखाद्या मुलीला मिळाले, तर या ज्ञातिसभेने गोळा केलेली वर्गणी सत्कारणी लागली असे मी समजेन.